तुपाची मेणबत्ती

जहाजावर पाय ठेवायच्या आधीच माझी काड्यापेटी गेली. तपासणीच्या पट्ट्यावरून बॅग पलीकडे सरकली, गणवेशातल्या बाईंनी पूजेची डबी उघडली आणि काड्यापेटी, कापूर, उदबत्त्या एकेक करून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवल्या.

"मॅडम, शिप पे आग अलाऊड नहीं."

"अहो, सकाळ-संध्याकाळ देवापुढे निरांजन लावते फक्त. इवलंसं."

"इवलंसं पण नाही काकू," त्या मराठीत म्हणाल्या आणि निरांजन तेवढं परत दिलं. काडीवाचून निरांजन म्हणजे नुसती पितळेची वाटी. मी ती पदराने पुसून पिशवीत ठेवली.

माझ्या मागे लाजवंतीबाई उभ्या होत्या. त्यांचीही पर्स उघडली गेली आणि त्यातून पांढऱ्या फडक्याची एक पुरचुंडी निघाली. तोंडाला लाल दोरा गच्च आवळलेला.

"ये क्या है?"

"कुछ नहीं, चावल है. शक्कर है." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहते आहे हे कळल्यावर पुरचुंडी घाईघाईने पर्सच्या तळाशी कोंबली आणि वर रुमाल टाकला.

जिथे चारी ठाव जेवण फुकट, तिथे मूठभर तांदूळ घेऊन कोण येतं? आणि आणले तर आणले, ते लपवायचे कशाला?

लाजवंतीबाई म्हणजे भावेशची आई. आमची श्रद्धा आनंदनगर एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. त्या कारखान्याला पुठ्ठ्याची खोकी पुरवतो तो भावेश. सिंधी, राहायला उल्हासनगर, कॅम्प एक. खोक्यांवरून ओळख झाली आणि खोक्यांच्या बाहेरही बरीच झाली, हे मला गेल्या गणपतीत कळलं. मुलगा नम्र, निर्व्यसनी. त्याचे वडील महेंद्रभाई दिलखुलास. आमच्या यांनी एका चहात होकार देऊन टाकला. पण लेकीने माझ्यासमोर बसून सांगितलं, "आई, तू मनापासून हो म्हणालीस तरच. नुसतं चालेल म्हणालीस तर नाही." तेव्हा लग्न होणार की नाही ते माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि माझा शब्द लाजवंतीबाईंपाशी अडत होता.

भांडणतंटा काही नव्हता. उलट बोलणं फार गोड. पण ते गोड बोलणं ओठांच्या आत किती जातं, ते मला कळेना. मुलाच्या हट्टापुढे मान तुकवलेली बाई आहे ही, मनातून तिला दुसरीच सून हवी असणार, असं मला सारखं वाटायचं. अशा घरात मुलगी दिली तर तिने उभा जन्म त्या बाईच्या डोळ्यांकडे बघत काढायचा.

महेंद्रभाईंना कागदाच्या कंपनीच्या स्कीममध्ये मुंबई-गोवा जहाजाची सहल मिळाली, दोन्ही कुटुंबांना पुरेल एवढी. "घरी बसून काय समजणार, साहब? तीन दिवस साथ में राहू. कोण कसा आहे, सगळं दिसेल," असं त्यांनी यांना सांगितलं.

"बघ," हे मला म्हणाले, "तुला माणूस पारखायचाय ना? समुद्रात कुठे पळून जाणार आहेत?"

दिवाळी नुकती झाली होती, कार्तिकी एकादशी यायची होती, म्हणजे माझा चातुर्मास संपायचा होता. चातुर्मासात मी एकदाच जेवते आणि जेवताना बोलत नाही. तोंडून शब्द गेला तर ताटावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. ताटाभोवती पाणी फिरवायचं, पहिला घास गाईसाठी बाजूला काढायचा, मग आपण जेवायचं. घरात सगळ्यांना याची सवय आहे. मीठ हवं असलं की मी दोन बोटं चोळते, पोळी हवी असली की तळवा पुढे करते. हे म्हणतात, अख्ख्या अंबरनाथमध्ये मीच एक सुखी नवरा, निदान जेवताना तरी.

निघायच्या आधी श्रद्धा कुरकुरली होती. "आई, तिथे तरी मौन नको ना. त्यांना काय वाटेल?"

"तू सांगून ठेव."

"सांगते भावेशला."

मी स्वतः काही बोलले नाही. व्रत सांगत सुटायचं नसतं, अशी माझ्या आईची शिकवण.

पहिल्या संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये जेवलो. मी वरण-भात, भाजी घेतली, पाणी फिरवलं, भाताची मूद कागदी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली आणि खाली मान घालून जेवले. जहाजावर गाय कुठली? घरी गेल्यावर घालू, म्हणून मी रिकामा डबाही आणला होता. जेवताना दोनदा जाणवलं की लाजवंतीबाई माझ्या हाताकडे टक लावून पाहताहेत. त्यांनी काही विचारलंही, "भाभी, दाल अच्छी है ना?" मी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी भावेशची थाळी माझ्या बाजूने उचलून स्वतःच्या पलीकडे सरकवली.

तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. आम्ही उतरून थोडं हिंडलो, परत आलो. दुपार कलताना मी सूर्याला नमस्कार करायला वरच्या डेकवर गेले. कठड्यापाशी लाजवंतीबाई एकट्या उभ्या होत्या. डोक्यावरून चुन्नी घेतलेली, ओठ हलताहेत, उजव्या हाताची मूठ घट्ट. मी खांबाआड थांबले. चोरून बघायची माझी सवय नाही, पण पाय हलेनात.

त्यांनी मूठ कठड्याबाहेर नेली तेवढ्यात एक रखवालदार धावत आला. "मॅडम, समंदर में कुछ नहीं डालने का! कॅमेरा लगा है."

"थोडासा है, बेटा..."

"कुछ भी नहीं. मेरी नोकरी जायेगी."

त्यांनी मूठ मागे घेतली, हातातलं पुरचुंडीत परत ओतलं आणि लाल दोरा गुंडाळला. मग श्रद्धा तिथे आली. माझीच श्रद्धा, हसत. लाजवंतीबाई तिच्या कानाशी काही बोलल्या, इकडेतिकडे पाहिलं, तिचा हात धरला आणि त्या पुरचुंडीवर ठेवला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. पुरचुंडी पुन्हा पर्समध्ये गेली.

मी तशीच मागे फिरले.

केबिनमध्ये हे आरामात पडले होते. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे काय, करणी?" ते उठून बसले. "वृंदा, अगं कॅम्पातली व्यापारी माणसं. करणी करायची तर ते होलसेलमध्ये करतील. अशी मूठभर?"

"चेष्टा सुचते तुम्हाला. तांदूळ, लाल दोरा, त्यावर मुलीचा हात. उतारा दुसरा कसा असतो?"

"तू मानतेस हे?"

मी मानत नाही. माझा देवावर विश्वास आहे, आणि ज्याचा देवावर विश्वास आहे त्याने असल्या गोष्टींना भ्यायचं कारण नाही. पण मी मानत नसले तरी ती बाई मानत असेल तर? मुलीचं वाईट चिंतून कुणी मूठ आवळत असेल, तर त्या मुठीत काय आहे याला महत्त्व नाही. चिंतणं तर खरंच ना?

श्रद्धाला विचारलं, "काकूंनी तुझा हात कशावर ठेवला होता?"

ती गडबडली. "काही नाही गं. त्यांनी सांगितलंय कुणाला सांगू नकोस म्हणून. चांगलंच आहे."

"चांगलं असतं ते आईपासून लपवायला लागत नाही."

"आई, प्लीज. तू तरी कुठे सगळं सांगतेस?"

मी मनात ठरवून टाकलं. घरी पोचल्यावर नाही म्हणायचं. कारण विचारलं तर सांगायचं, मन घेत नाही. मुलगी रडेल, मीही रडेन.

त्या संध्याकाळी महेंद्रभाईंनी वेगळं जेवण ठरवलं होतं. जहाजाच्या मागच्या टोकाला एक खास हॉटेल होतं, आधी नाव नोंदवून जायचं. दारावर इंग्रजीत 'मिराज', म्हणजे मृगजळ, असं लिहिलेलं. भल्या मोठ्या काचा, त्यापलीकडे मावळतीचा समुद्र. वाढणारी मुलगी डोंगराळ मुलखातली असावी, गोरी, बारीक डोळ्यांची. तिने हिंदीत सांगितलं, "इथे जे दिसतं ते नसतं. खाऊन ओळखायचं. तुमचं सगळं प्युअर व्हेज आहे, कांदा-लसूणही नाही, श्रद्धा मॅडमनी कळवलंय."

"वा!" महेंद्रभाई म्हणाले. "श्रीपादसाहब, हे तर आपल्या कॅम्पच्या मालासारखं झालं! बाहेर लिहिलंय एक, आत निघतं दुसरं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी लाजवंतीबाईंच्या समोर बसले होते आणि त्यांची पर्स त्यांच्या मांडीवर होती.

आधी प्रत्येकापुढे बशीत एकेक पांढरी गोल वडी आली, पेढ्याएवढी. यांनी उचलून सरळ तोंडात टाकली. ती मुलगी ओरडली, "सर, नो, नो!" आणि दुसऱ्या वडीवर गरम पाणी ओतलं. वडी फुगत फुगत वर आली आणि तिचा हात पुसायचा पंचा झाला.

यांनी तोंडातून ओला टॉवेल ओढून काढला. "मीठ कमी आहे," म्हणाले. भावेश टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

मग कुंडी आली. तिच्यात काळी माती आणि मातीत रोवलेला गाजराचा कोंब. मी पाणी फिरवलं, कुंडीतली चिमूटभर माती रुमालात काढून ठेवली आणि गाईची मनोमन क्षमा मागितली. माती कसल्यातरी खमंग भाकरीच्या चुऱ्याची होती. चव चांगली होती, पण नजरेला पटेना. घास तोंडात आणि मन बाहेर, असं चाललं होतं. नंतर नदीतले गोटे आले, ते बटाटे निघाले. मग अंडं. पांढऱ्या बशीत अर्धं फोडलेलं, उकडलेलं, मधोमध पिवळं.

मी हात मागे घेतला.

"ओळखा, मॅडम?" ती मुलगी माझ्याकडे वाकली. मी मान हलवली. "ट्राय तो कीजिये." मी पुन्हा मान हलवली. श्रद्धा कुजबुजली, "आई, नारळाचं दूध आणि आंबा आहे. खा." असेल. पण आज इथे जे दिसतं ते नसतं, असं ती वाढणारीच म्हणाली होती ना? मग जे सांगतात तेही नसेल. मी ते अंडं बोटाने हळूच लांब सारलं.

लाजवंतीबाई बघत होत्या. त्यांचा चेहरा पडला. त्या महेंद्रभाईंना सिंधीत हळूच काही बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण मी सारलेल्या बशीकडे, माझ्या पर्सकडे आणि मग भावेशकडे त्यांची नजर फिरली, ती कळली. आणि त्यांचा हात आपल्या पर्सवर घट्ट बसला.

बाई, काढ बाहेर काय ते, माझ्या मनात आलं. काढ एकदा आणि सोक्षमोक्ष लाव.

पण जेवण संपलं नव्हतं, आणि घासाला शब्द शिवू द्यायचा नसतो.

त्यानंतर टेबलाच्या मधोमध एक पितळी समई-वजा स्टँड ठेवला गेला. त्यात जाड पिवळसर मेणबत्ती, भोवती पावाचे तुकडे. सूर्य नुकताच पाण्याखाली गेला होता. त्या मुलीने लांब दांड्याचा लायटर आणला. "स्पेशल परमिशन आहे," ती म्हणाली आणि वात पेटवली.

दोन दिवसांत पहिल्यांदा ज्योत पाहिली मी. दोन दिवस देव अंधारात होते आमचे. निरांजन पिशवीत, वाती पिशवीत. आणि ही अशी दिवेलागणीच्या वेळी, समुद्राच्या मध्यावर, अवचित उजळली. मी कुठे आहे ते विसरले. हात आपोआप जुळले, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा पलीकडे लाजवंतीबाईंनी चुन्नी डोक्यावर ओढली होती. त्यांचेही हात जोडलेले आणि डोळे मिटलेले. ओठ तसेच हलत होते, डेकवर हलत होते तसे.

हे मला कुठे बसवावं ते कळेना.

"ही मेणबत्ती पण खायची," ती मुलगी खुशीत सांगत होती. "मेण नाही, तूप आहे. आता विझवायची आणि वितळलेल्या तुपात पाव बुडवायचा."

"तूपच ना? चरबीबिरबी नाही?" यांनी विचारलं.

"शुद्ध तूप, सर."

"मी फुंकतो! बर्थडे स्टाइल!" भावेश पुढे वाकला, गाल फुगवले.

"फुंकू नकोस!"

आवाज माझा होता. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघण्याइतका मोठा. आणि त्याच क्षणी लाजवंतीबाईंचा तळवा त्यांच्या मुलाच्या तोंडावर बसला होता, चांगला चापट मारल्यासारखा.

ज्योत भावेशच्या अर्धवट फुंकरीने हलली आणि पुन्हा सरळ झाली.

"संपलं जेवण," हे म्हणाले.

"कोणाचं?" महेंद्रभाईंनी विचारलं.

"हिचं. बोलली ना. आता उद्यापर्यंत उपास."

"बोलली तर उपास?" लाजवंतीबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे काय?"

श्रद्धाने भावेशकडे पाहिलं. "तू मम्मींना सांगितलं नाहीस?"

"अरे यार," भावेशने कपाळाला हात लावला. "भूल गया. मम्मी, आंटींचं व्रत असतं. जेवताना बोलत नाहीत त्या."

लाजवंतीबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. मला वाटलं, रडताहेत. बघते तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांत पाणीही होतं. "भाभी! कल से मैं मरी जा रही हूँ. थाळीभोवती पाणी फिरवते, दाणे काढून पर्समध्ये लपवते, एक लफ्ज बोलत नाही, मी काही विचारलं तर खाली बघते! मैं समझी, आप मेरे बेटे पे कुछ कर रही हैं."

"मी?"

"तभी तो उसकी थाली हटाई!"

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू येईना. उलट राग आला, आणि राग आला की माझा आवाज अजूनच खाली जातो. "तो गोग्रास आहे. गाईचा घास. आणि तुमच्या पर्समध्ये काय आहे, लाजवंतीबाई? माझ्या मुलीचा हात कशावर ठेवलात तुम्ही?"

आता हसणं थांबलं. श्रद्धा कुजबुजली, "आई..." मी तिच्याकडे पाहिलं नाही.

लाजवंतीबाईंनी पर्स उघडली. पुरचुंडी काढून मेणबत्तीच्या उजेडात ठेवली, दोरा सोडला. तांदूळ आणि साखर. दुसरं काही नाही.

"अखो आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या झूलेलालचा. आमचा देव पाण्याचा. काही मागायचं असलं तर पाण्यात तांदूळ-साखर सोडायची, पल्लव पसरायचा." त्यांनी चुन्नीचं टोक दोन्ही हातांत धरून दाखवलं. आमच्याकडे पदर पसरतात, अगदी तसं. "इतका मोठा दर्या पुन्हा कधी मिळणार? मी म्हटलं, इथे मागते. पण ते सोडूच देत नाहीत. चोर समझते हैं."

"काय मागत होतात?"

त्यांनी श्रद्धाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमची हाँ."

ती वाढणारी मुलगी इतका वेळ लायटर हातात धरून उभी होती. "मॅडम, बुझा दूँ? पाव ठंडा हो जायेगा."

"नाही," आम्ही दोघी म्हणालो.

"पण जळती नाही ठेवता येत. नियम आहे. कोणीतरी जवळ हवं."

"आम्ही बसतो," मी म्हटलं. "आपली आपण शांत होईपर्यंत."

तिने तिच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, बाहेर थांबलेली माणसं पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं आणि पुढच्या लोकांना दुसऱ्या टेबलावर बसवलं. पुरुष मंडळी आणि मुलं जादूचे प्रयोग बघायला गेली. जाताना महेंद्रभाई यांना म्हणाले, "साहब, चला. इथली जादू संपली." मला ते खरं वाटलं नाही.

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तूप वितळून स्टँडच्या ताटलीत साचत होतं. काचेबाहेर काळोख होत चालला होता. पोट भुकेने कुरकुरत होतं माझं, आणि पावाचा वास सुटला होता.

"खा ना," त्या म्हणाल्या.

"नाही. शब्द गेला."

"एक शब्दाने?"

"एकानेच जातं."

त्यांनी आपल्या पुढची बशी मागे सारली. "फिर मैं भी नहीं."

"तुम्ही कशाला? तुमचं व्रत थोडंच आहे?"

"नाही आहे. पण तुमच्यासमोर घास कसा उतरेल?"

यावरही मला शंका आली, खोटं कशाला सांगू. इतका चांगुलपणा एकदम कुठून आला? मी विचारून टाकलं. आता गेलेलंच होतं जेवण, तर बोलायला काय हरकत होती. "लाजवंतीबाई, खरं सांगा. मुलगा अडून बसला म्हणून तुम्ही हो म्हणालात ना?"

"पहले हाँ," त्या म्हणाल्या. "पहले अशीच. माझ्या बहिणीची पोरगी मी मनात धरली होती. खूप रडली मी."

माझी शंका खरी होती तर.

"मग?" मी विचारलं.

"फिर एकदा श्रद्धा घरी आली. मी ज्योत लावत होती, आट्याच्या दिव्यात. ती बाजूला बसली. काही बोलली नाही, हात नाही लावला, विचारलं नाही हे काय, ते काय. मी उठेपर्यंत बसून राहिली. माझी स्वतःची पोरं असं बसत नाहीत, भाभी. भावेश तर मोबाईल घेऊन ज्योतीचा फोटो काढतो." त्यांनी नाक पुसलं. "मी म्हटलं, ये लडकी किसी के घर में बैठना सीखी है."

ती माझ्या देवघरात शिकली होती ते. मी पूजा करताना ती लहानपणापासून तशीच बसायची, पाय दुमडून, काही न विचारता. मला वाटायचं, कंटाळून बसते.

"पण माझ्या मुलीचा हात मला न विचारता धरलात," मी म्हटलं. "ते मला आवडलं नाही. आताही नाही आवडलं."

"विचारते कशी? जेवायला बसले तर तुम्ही बोलत नाही. बाकी वेळ माळ घेऊन असता."

"तरी विचारायचं."

"हाँ," त्या म्हणाल्या. "विचारायचं होतं."

वात तुपात वाकली, एकदा मोठी झाली आणि आपली आपण शांत झाली. धूर सरळ वर गेला. आम्ही दोघींनी हात जोडले. ती मुलगी धावत आली आणि ताटली उचलू लागली, तशी लाजवंतीबाईंनी तिला थांबवून तुपात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं. मग माझ्याकडे ताटली केली. मीही लावलं.

"भाभी, तर मग?" त्यांनी विचारलं.

"घरी गेल्यावर सांगेन," मी म्हटलं. मला विचार करायला वेळ हवा होता. रिकाम्या पोटी मी कुणाला शब्द देत नाही.

मुंबईला उतरताना माझी काड्यापेटी मिळाली नाही. गाईचा घास मात्र डब्यात नीट होता. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या गाईने भात खाल्ला आणि ती काळी माती हुंगून सोडून दिली.

एकादशी झाली, तुळशीचं लग्न लागलं, माझं मौन सुटलं. श्रद्धा काही विचारत नव्हती, फक्त मी हाक मारली की दचकायची. त्या आठवड्यात मी लाजवंतीबाईंना फोन केला. "ती पुरचुंडी अजून आहे का?"

"है ना. कहाँ डालूँ? उल्हासनगरमध्ये पाणी कुठे आहे? त्या वालधुनीच्या नाल्यात टाकू? देव उलटा मलाच रागवेल."

"बदलापूरला या. उल्हास नदी आहे. माझं माहेर तिथलं, मला जागा माहीत आहे."

त्या भावेशच्या गाडीतून आल्या. मी रिक्षाने गेले, श्रद्धाला घेऊन. नदीला पाणी चांगलं होतं, पायऱ्यांपर्यंत. भावेश वर गाडीला टेकून उभा राहिला आणि श्रद्धा त्याच्यापासून चार हातांवर, माझ्या भीतीने. लाजवंतीबाईंनी चपला काढल्या, पाण्यात पाय घातले, पुरचुंडी सोडली. दमट हवेने साखर विरघळून तांदळाला चिकटली होती. त्यांनी अर्धी मूठ माझ्या तळव्यावर ठेवली.

मी ती बोटाने पसरून पाहिली. नाकाशी नेऊन वास घेतला.

"देखो, देखो," त्या हसल्या. "अच्छे से देखो. लिंबू आहे का, सुई आहे का."

"बघायला नको?" मी म्हटलं. "मुलीची आई आहे मी."

"और मैं लडके की. मी पण तुमचा डबा बघितला असता, मिळाला असता तर."

तांदूळ होते, साखर होती, आणि डेकवरची थोडी खारट हवा असेल तर असेल. माझं मन तेवढ्यावरही पूर्ण निवांत झालं नव्हतं. ते होईल तेव्हा होईल. सगळा तळ दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं तर मुली घरातच म्हाताऱ्या होतील.

त्या मूठ पाण्याकडे नेणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"थांबा. श्रद्धाचा हात लागलाय ना याला?"

"हाँ."

"आणि भावेशचा?"

"वो कहाँ मानता है ये सब. हँसता है."

मी पायऱ्यांवर वळून वर पाहिलं. आवाज मोठा काढायची मला सवय नाही, पण या महिनाभरात दुसऱ्यांदा काढला. "भावेश! ये रे इकडे. चपला वरच काढ. आणि हिलाही घेऊन ये."

दोघं एकदम निघाली. लाजवंतीबाईंनी चुन्नी पसरली, मी पदर पसरला, आणि भावेशने हसायला तोंड उघडलं होतं ते, आमच्या दोघींचे चेहरे पाहून, मिटलं आणि निमूट हात पुढे केला.